जुन्या टर्बो गाडीत कोणतं इंजिन ऑइल टाकावं? मराठवाड्यात सेकंड हँड गाडी घेणाऱ्यांसाठी

टर्बोचा दांडा मी पहिल्यांदा हातात घेतला तो जालन्यातल्या एका छोट्या वर्कशॉपात. (टर्बो म्हणजे सायलेंसरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा.) दांडा करंगळीपेक्षा बारीक आणि मधोमध निळा पडलेला. मिस्त्री मामा म्हणाले, "हा निळा रंग बघा भाऊ. पोलाद नुसतं तापून तापून असं होतं. ऑइल इथपर्यंत पोचलंच नाही." मग त्यांनी टर्बोला ऑइल पोचवणारी लोखंडी नळी माझ्याकडे दिली आणि फुंकून बघायला सांगितलं. हवा जेमतेम जात होती. नळीच्या आत काळा, कडक थर बसला होता, तव्यावर तेल जळून बसतं तसा.

गाडी २०१० ची डिझेल, मी २०१९ मध्ये सेकंड हँड घेतलेली. ज्या गॅरेजला टाकायचो तिथे दर सर्व्हिसला बॅरलमधलं सुटं २०डब्ल्यू-५० ग्रेडचं घट्ट ऑइल पडायचं. "आपल्याकडचं ऊन बघता घट्टच ऑइल बरं," असं ते म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. शेवटी मांजरसुंब्याचा घाट चढताना पिकअप गेला आणि मागे निळ्या धुराचा लोट उठला.

हा लेख त्यासाठीच. स्विफ्ट डिझेल, व्हिस्टा, बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी, इनोव्हा, टवेरा, लॉरा अशी दहा-पंधरा वर्षं जुनी टर्बो गाडी ज्यांनी नुकतीच घेतली आहे आणि ऑइलच्या दुकानात उभं राहिल्यावर कोणता डबा उचलावा ते कळत नाही, त्यांनी हा क्रम धरावा.

टर्बोला ऑइल का लागतं

इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे मारत असतं तेव्हा टर्बोचा दांडा लाख-दीड लाख फेरे मारतो. छोट्या गाड्यांचे टर्बो तर दोन लाखांच्या वर जातात. दांड्याच्या एका टोकाला सायलेंसरकडे निघालेला धगधगता धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मध्ये बेरिंग. हे बेरिंग बहुतेक जुन्या गाड्यांत साधं बुशचं, म्हणजे धातूच्या गुळगुळीत कड्याचं असतं. दांडा आणि बुश यांच्या मधली फट केसाच्या जाडीहून कमी असते आणि त्या फटीत ऑइलचा पापुद्रा असतो. दांडा त्या पापुद्र्यावर तरंगतो. पापुद्रा तुटला की धातूला धातू घासतो.

ऑइलचं दुसरं काम थंड करण्याचं. अनेक जुन्या डिझेल गाड्यांच्या टर्बोला पाण्याची लाइन नसते, सगळी उष्णता ऑइलच वाहून नेतं. म्हणून टर्बोचं ऑइल निवडताना दोन प्रश्न विचारायचे. सकाळी गाडी सुरू केल्यावर ते बेरिंगपर्यंत किती लवकर पोचतं? आणि प्रचंड उष्णतेत त्याचा पापुद्रा किती टिकतो? दुकानदार डब्याच्या पुढच्या बाजूवर बोट ठेवून जे सांगतो त्यात या दोन्हींचं अर्धंच उत्तर असतं.

पहिलं काम: मॅन्युअल शोधा

गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात मालकाचं पुस्तक नसेल तर कंपनीच्या वेबसाइटवर बघा, नाहीतर मॉडेल आणि साल सांगून सर्व्हिस सेंटरला विचारा. त्यातून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्या: दाटपणाची ग्रेड (उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०), दर्जाचं चिन्ह (एपीआय या अमेरिकन किंवा एसीईए या युरोपियन संस्थेचं अक्षर, किंवा कंपनीचा स्वतःचा नंबर) आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं तो आकडा. स्विफ्ट आणि व्हिस्टात असलेलं फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन तीन लिटरच्या आसपास ऑइल घेतं. एवढं थोडं ऑइल टर्बो, चेन आणि चार सिलिंडर सांभाळतं, त्यामुळे अशा गाडीत ऑइल जुनं होऊ देणं लवकर महागात पडतं. ऑइल साठवणारं चेंबर मोठं असलेल्या एसयूव्हीला थोडी जास्त मुभा असते.

मॅन्युअलमध्ये बहुधा एकाहून जास्त ग्रेड दिलेल्या असतात. आपली निवड त्या चौकटीत करायची. चौकटीबाहेर जायचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

"आपल्याकडे ऊन जास्त, घट्ट टाका" हे कुठे चुकतं

हा समज इतका घट्ट बसलेला आहे की यावर थोडं थांबूनच बोलायला हवं.

मे महिन्यात परभणीत पारा ४३-४४ ला जातो हे खरं. पण इंजिन गरम झाल्यावर ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर चालतं, कारण इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठरवतात. डिसेंबरची पहाट असो की मेची दुपार, चालत्या इंजिनाच्या आत फरक फार मोठा नसतो. फरक पडतो तो सुरू करताना.

आता आकडे बघा. ऑइलचा दाटपणा सेंटीस्टोक्समध्ये मोजतात. ४० अंशांना, म्हणजे भर उन्हाळ्यात सावलीत उभ्या गाडीच्या तापमानाला, ५डब्ल्यू-३० चा दाटपणा सुमारे ६५-७० असतो, ५डब्ल्यू-४० चा ८५ च्या आसपास, १५डब्ल्यू-४० चा ११० च्या आसपास आणि २०डब्ल्यू-५० चा १६० च्या आसपास. १०० अंशांना हेच आकडे अनुक्रमे ११-१२, १४, १४-१५ आणि १७-१८ होतात. म्हणजे आपल्या कडक उन्हातसुद्धा सुरू करतानाचं ऑइल चालत्या ऑइलपेक्षा सहा ते नऊ पट दाट असतं. आणि आपला हिवाळाही काही कमी नाही. परभणीत थंडीची लाट आली की पहाटेचं तापमान पाच-सहा अंशांवर येतं. तेव्हा २०डब्ल्यू-५० पळीवाढं होऊन बसतं, आणि ते बारीक नळीतून टर्बोपर्यंत चढेपर्यंतचे सेकंद दांडा जवळपास कोरडा फिरतो. माझ्या गाडीत वर्षानुवर्षं रोज सकाळी हेच होत होतं.

'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत लवकर पोचतं. नंतरचा आकडा गरम असतानाचा दाटपणा सांगतो. ३० म्हणजे १०० अंशांना ९.३ ते १२.५, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. बस, एवढंच ग्रेडमधून कळतं. ऑइल चांगलं की वाईट हे ग्रेड सांगत नाही.

माझं मत असं: मॅन्युअल ३० आणि ४० दोन्ही चालतात म्हणत असेल आणि गाडी लाखाच्या पुढे चाललेली असेल, तर ४० घ्यावं. ५० कडे जाऊ नये. आणि उलट्या बाजूलाही, नव्या गाड्यांचं ०डब्ल्यू-२० ॲव्हरेज वाढवतं म्हणून जुन्या टर्बोत टाकू नये. त्या इंजिनांची बेरिंगं आणि पंप त्या पातळ ऑइलचा विचार करून बनवलेले असतात, आपले नसतात.

डबा उलटा करा

खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. चष्मा लागत असेल तर घेऊन जा.

एकाच दुकानात ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबे शेजारी ठेवलेले असतात आणि दोन्हींत तुमच्या टर्बोच्या दृष्टीने मोठा फरक असू शकतो. त्याचं कारण एचटीएचएस नावाचा आकडा. १५० अंशांना, भाग एकमेकांवरून वेगाने सरकत असताना ऑइलचा पापुद्रा किती तग धरतो हे तो सांगतो. टर्बोच्या बुशमध्ये जवळपास अशीच परिस्थिती असते. ३० ग्रेडचं ऑइल २.९ वर पास होतं, पण काही ३० ऑइलं ३.५ च्या वर जातात. डब्यावर हा आकडा क्वचितच छापतात. मात्र एसीईएच्या चिन्हावरून तो ओळखता येतो. ए३/बी४ किंवा सी३ लिहिलं असेल तर एचटीएचएस ३.५ किंवा जास्त. ए५/बी५ किंवा सी२ असेल तर २.९ ला सुद्धा चालून जातं. जुन्या टर्बोसाठी मॅन्युअलने वेगळं काही सांगितलं नसेल तर ए३/बी४ शोधा. माझ्या मते या सगळ्या लेखात लक्षात ठेवावी अशी ही एकच खूण.

बोलेरो, सुमो, टवेरा अशा गाड्यांच्या पुस्तकात एसीईएऐवजी एपीआयची अक्षरं सापडतील. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलसाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. सीएफ-४ १९९० चं, सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं, सीके-४ त्यानंतरचं. पुस्तकात सीएच-४ लिहिलं असेल तर सीआय-४ प्लस किंवा सीके-४ खुशाल टाका, नवं चिन्ह जुन्याची जागा घेतं. अपवाद एफए-४ चा. ते सीके-४ सोबतच आलं, पण मुद्दाम पातळ ठेवलंय, एचटीएचएस २.९ ते ३.२. ते जुन्या इंजिनासाठी नाही.

लॉराचं जुनं १.९ टीडीआय पीडी इंजिन असेल तर फोक्सवॅगनचा ५०५ ०१ हा नंबर डब्यावर असलाच पाहिजे. त्या इंजिनात डिझेलचा दाब कॅमशाफ्टच तयार करतो, त्यामुळे कॅमवर जबरदस्त भार येतो आणि साध्या ऑइलवर तो झिजतो. नुसतं ५०५ ०० तिथे पुरत नाही.

जुनी टर्बो पेट्रोल असेल, म्हणजे लिनिया टी-जेट किंवा ऑक्टाव्हिया १.८ टर्बो, तर धूर डिझेलपेक्षाही तापलेला असतो. तिथे पैसे वाचवू नका. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, ए३/बी४ घ्या, आणि फोक्सवॅगन घराण्यातली असेल तर ५०२ ००.

डब्यावर 'अप्रूव्हल' लिहिलंय की 'मीट्स' हेही बघा. पहिल्याचा अर्थ गाडीच्या कंपनीने तपासून मान्यता दिली, दुसऱ्याचा अर्थ ऑइलवाला स्वतः सांगतोय.

सिंथेटिक की मिनरल

बोलेरोसारखी साधी, शेतावर आणि तालुक्याला फिरणारी गाडी असेल तर चांगल्या दर्जाचं १५डब्ल्यू-४० मिनरल (साधं, खनिज तेलापासून बनलेलं), वेळेवर बदललेलं, पुष्कळ झालं. ट्रॅक्टरला चालतं तेच ऑइल चालेल का, असं बरेच शेतकरी विचारतात. डब्यावरचं चिन्ह मॅन्युअलशी जुळत असेल तरच चालेल. जुनं सीएफ-४ दर्जाचं ट्रॅक्टर ऑइल टर्बो गाडीत नको.

समृद्धी महामार्गावर वरचेवर जाणं असेल तर मात्र सिंथेटिक घ्या. तिथे तासन्‌तास ११०-१२० च्या वेगात टर्बो सतत भरलेला राहतो, आणि मिनरल ऑइल अशा उष्णतेत लवकर जळून नळीत थर धरतं. औट्रम घाट किंवा मांजरसुंबा भरलेल्या गाडीने चढणाऱ्यांनाही हेच सांगेन.

पूर्वी मिनरल पडलेल्या गाडीत सिंथेटिक टाकलं की गळती लागते, अशी भीती घालतात. जुनं सील आधीच कडक झालेलं असेल तर ते कधीतरी गळणारच. खरी काळजी साचलेल्या काळ्या गाळाची घ्यायला हवी. ऑइल भरायचं झाकण उघडून टॉर्च मारा. आत डांबरासारखा थर दिसला तर इंजिन आतून धुवायच्या फ्लशची बाटली ओतू नका. तो गाळ एकदम सुटून चेंबरच्या जाळीत किंवा टर्बोच्या नळीत अडकतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाका, दोन हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदला, परत तीन हजारला बदला. ऑइलमधलं डिटर्जंट गाळ हळूहळू सोडवतं. वरून टाकायच्या 'टर्बो वाचवणाऱ्या' बाटल्या घेऊ नका. त्या पैशात एक फिल्टर येतो.

ऑइलआधी एअर फिल्टर आणि ब्रीदर

मराठवाड्यासाठी हा भाग वेगळा लिहावासा वाटतो. काळ्या मातीची धूळ, वेचणीच्या दिवसांतल्या कच्च्या वाटा, महामार्गाची कामं आणि खडीच्या गाड्या. एअर फिल्टर इथे पुस्तकातल्या मुदतीआधीच भरतो.

टर्बोच्या दांड्यावरचं सील रबराचं नसतं. पिस्टनला असते तशी बारीक रिंग असते आणि ती दोन्हीकडच्या हवेच्या दाबावर ऑइल अडवून धरते. एअर फिल्टर चोंदला की टर्बो हवेसोबत ऑइलही ओढून घेतो. इंजिनाचा ब्रीदर पाइप (चेंबरमधला दाब बाहेर सोडणारी नळी) चोंदला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून चेंबरमध्ये दाब वाढला, तर टर्बोतून खाली परतणारं ऑइल तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. दोन्ही वेळेला हवेच्या होज पाइपात ऑइल दिसतं, आणि लोक म्हणतात टर्बो गेला. चांगला टर्बो काढून नवा बसवलेली आणि पुन्हा तसंच ऑइल आलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे. म्हणून गाडी ऑइल खातेय असं वाटलं तर आधी एअर फिल्टर, मग ब्रीदर, मग टर्बोची परतीची नळी, आणि शेवटी टर्बो. होजमध्ये ऑइलचा हलका ओलावा जुन्या गाडीत असतोच, त्याने घाबरू नका.

खरेदी

सुटं ऑइल नको. बॅरलमध्ये काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून किंवा पेट्रोल पंपावरून सीलबंद डबा घ्या, बॅच आणि तारीख बघा, क्यूआर कोड असेल तर दुकानातच स्कॅन करा, पक्कं बिल मागा. डबा गॅरेजला न्याल तेव्हा सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. रिकामा डबा तिथेच सोडू नका. खिळ्याने भोकं पाडा आणि मग भंगारात द्या, नाहीतर त्याच डब्यात नकली ऑइल भरून तो परत बाजारात येतो.

बदलताना शेजारी उभे राहा

गाडी सपाट जागी, इंजिन कोमट. चेंबरचा नट उघडला की ऑइल धार तुटून थेंब थेंब होईपर्यंत गळू द्या, पंधरा मिनिटं तरी. घाई करणाऱ्याला चहा पाजा पण गळू द्या. नटाचं वॉशर नवं. फिल्टर दर वेळी नवा, "या वेळी राहू द्या" हे ऐकू नका. फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून हातानेच आवळायचा.

भरताना पुस्तकातल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, गाडी सुरू करा. सुरू केल्यावर ॲक्सिलेटरला पाय लावू नका. नवा फिल्टर रिकामा असतो, टर्बोपर्यंत ऑइल चढायला वेळ लागतो. ऑइलचा लाल दिवा विझल्यावरही अर्धा मिनिट तशीच चालू ठेवा. मग बंद करून पाच-दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी काढा, आणि वरच्या-खालच्या खुणांच्या मध्ये येईल इतकं भरा. वरच्या खुणेच्या पुढे भरलेलं ऑइलही नुकसान करतं.

निघालेलं जळकं ऑइल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. गॅरेजकडून ते पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाऊ द्या.

किती किलोमीटरला

पुस्तक १० हजार किंवा एक वर्ष म्हणत असेल, तर धुळीच्या रस्त्यांवरच्या जुन्या टर्बो डिझेलला मी ७ हजार किंवा एक वर्ष धरतो, जे आधी येईल ते. पूर्वी डिझेलमधलं गंधक ऑइल लवकर मारायचं. बीएस-३ या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळात त्याची मर्यादा ३५० पीपीएम (दहा लाख भागांत ३५०) होती, १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम आहे. त्यामुळे ॲसिडचा त्रास कमी झाला. काजळी मात्र जुन्या इंजिनात तितकीच तयार होते, म्हणून मुदत वाढवू नका. टाकल्यावर दोन-तीनशे किलोमीटरमध्ये ऑइल काळं झालं तर दर्जा वाईट असं समजू नका. जुन्या डिझेलमध्ये ते काजळी धरून ठेवतंय, म्हणजे काम करतंय.

पुढची सवय

दर पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी सुरू करायच्या आधी पट्टी बघा. पातळी कमी होत असेल तर वहीत लिहा, हजार किलोमीटरला किती कमी झालं ते. पातळी वाढत असेल तर ते जास्त वाईट, ऑइलमध्ये बहुधा डिझेल मिसळतंय. तेव्हा गाडी न चालवता इंजेक्टर तपासून घ्या.

सकाळी सुरू केल्यावर एक किलोमीटरभर हळू. घाट चढून किंवा महामार्गावरून थेट ढाब्यावर थांबलात तर चावी लगेच फिरवू नका, मिनिटभर इंजिन चालू ठेवा. ऑइल फिरत राहतं आणि टर्बोतली धग घेऊन जातं. लगेच बंद केलं तर बेरिंगमधलं ऑइल जागच्या जागी जळतं. माझ्या नळीतला थर असाच बसला होता.

मामांनी टर्बो जोडून दिला तेव्हा जुनी नळी साफ करून बसवायला त्यांनी नकार दिला, नवीच आणायला लावली. तुमच्या गाडीचा टर्बो कधी उघडला तर हे नक्की करा. आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावा: ग्रेड, चिन्ह, किती लिटर, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला. तुम्ही गाडीजवळ नसताना कुणी ऑइल टाकलं तरी डबा तोच येईल.